क्रँकच्या टोकावरचे वजन

मोटारीचे बॉनेट उघडून एंजिनाच्या पुढच्या बाजूस वाकून पाहा. पट्टा फिरविणारी एक जाड कप्पी दिसेल. बहुतेकांना ती नुसती कप्पीच वाटते. पण नीट न्याहाळले, तर बऱ्याच गाड्यांत आतला लोखंडी तुंबा आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये काळ्या रबराची एक बारीक रेघ दिसते. एवढ्याशा रेघेसाठी माणसांनी बरीच वर्षे डोके शिणवले आहे.

क्रँकशाफ्ट हा पोलादाचा, म्हणजे वाकणार-पिळणार नाही, अशी आपली समजूत. ती खोटी आहे. सिलिंडरात स्फोट झाला की दट्ट्या क्रँकला तडाखा देतो. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते, ते सहजासहजी हलत नाही. पुढचे टोक मोकळे असते. तेव्हा तडाख्यासरशी शाफ्ट किंचित पिळतो, सुटतो, पुन्हा पिळतो. ओला पंचा पिळून सोडावा तसे म्हणा ना! हा पीळ डोळ्यांना दिसत नाही. परंतु झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका देत गेले म्हणजे तो जसा चढत जातो, तसे ठराविक वेगाला तडाखे आणि शाफ्टचा स्वाभाविक कंप यांचा मेळ बसतो. मग पीळ वाढत जातो, पोलाद थकते, आणि एक दिवस शाफ्टचे दोन तुकडे होतात.

दोन किंवा चार सिलिंडरांच्या आखूड शाफ्टला हे दुखणे फारसे जाणवले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सहा सिलिंडरांची हौस आली आणि शाफ्ट लांबले, तेव्हा ते उघडे पडले. हेन्री रॉइस या कसबी कारागिराने सहा सिलिंडरांची तीस अश्वशक्तीची गाडी काढली, तिचे शाफ्ट मोडू लागले. यावर त्याने केलेला पहिला उपाय अगदी कारागिराचा होता. शाफ्ट जाड करावा, त्याला भक्कम बेअरिंगांचा आधार द्यावा. 1906 साली लोकांसमोर आलेली त्याची 40/50 ही गाडी या धड्यातून घडली. याच जातीची एक गाडी 1908 साली आपल्या मुंबई-कोल्हापूर मोटारचाचणीत घाट चढून उतरली, आणि मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. त्या काळचे घाटरस्ते मनात आणा, म्हणजे तो शाफ्ट काय सोसत असेल ते कळेल.

दुसरा माणूस फ्रेडरिक लँचेस्टर. जन्म 1868 चा. हा कारागीर खराच, पण आधी गणिती. डेमलर कंपनीचा सल्लागार असताना सहा सिलिंडरांच्या एंजिनांचा कंप त्याच्यापुढे आला. शाफ्ट किती जाड करणार? तो जड होतो, आणि कंप मरत नाही, फक्त दुसऱ्या वेगाकडे सरकतो. लँचेस्टरने कंप मारण्याचीच युक्ती काढली आणि 1910 साली तिचे पेटंट मागितले. युक्ती अशी : शाफ्टच्या मोकळ्या टोकावर दुसरे छोटे फ्लायव्हील ठेवायचे, पण ते घट्ट आवळायचे नाही. चकत्या आणि तेल यांच्या घर्षणाने ते शाफ्टबरोबर ओढले जावे. शाफ्ट सरळ फिरत असेल तर ते मुकाट्याने मागून येते. शाफ्ट थरथरला, की आपल्या जडपणामुळे त्याला साथ देत नाही. दोघांत घासाघीस होते आणि कंपाची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. रॉइसच्या एंजिनांवरही घर्षणाने चालणारे असेच चाक होते. पहिला मान कोणाचा, यावर पुढे वाद झाला. माझ्या मते शोध दोघांच्याही हाताला लागला. मात्र त्यामागचे गणित मांडले ते लँचेस्टरने.

हा कंप मोटारींपुरता नव्हता. मे 1929 मध्ये 'ग्राफ झेपेलिन' हे विमानपोत अमेरिकेला निघाले, आणि वाटेत त्याच्या पाचांपैकी चार एंजिनांनी दगा दिला. फ्रान्सच्या दक्षिणेला कसेबसे उतरावे लागले. शाफ्ट पिळणाऱ्या कंपानेच मोडले होते.

पुढे चकत्यांच्या जागी रबर आले. स्वस्त, साधे, बिनतक्रार. त्यानंतर सिलिकोनच्या दाट द्रवात तरंगणारे कडे आले. आज बाहेरच्या बाजारातून घेऊन बसवायचे जे डँपर मिळतात, त्यांत ही दोन्ही कुळे असतात. रबराचा दोष असा की ते उष्णतेने आणि तेलाने म्हातारे होते. माझ्या जुन्या गाडीत हेच झाले. बाहेरचे कडे रबरावरून सरकले, आणि टायमिंगची खूण त्याच कड्यावर! मिस्त्री ती खूण प्रमाण मानून टायमिंग लावी, गाडी चढावर धापा टाकी, आणि मी पेट्रोलला बोल लावी. तीन महिने गेले.

बदलायचे ठरले तर घाई नको. बॅटरीची तार सोडावी, पट्टा उतरवावा, फ्लायव्हील अडवून मधला बोल्ट काढावा. पुलर तुंब्याच्या आट्यांत बसवावा. बाहेरच्या कड्याला पकडून ओढले तर रबर फाटते. शाफ्टचे नाक पुसावे, चावी पाहावी, ऑइल सील जिथे घासते तिथे चर पडली आहे का ते बोटाने चाचपावे. नवा डँपर आट्यांच्या हत्याराने हळूहळू ओढून बसवावा. माझ्या त्या पहिल्या मिस्त्रीने हातोडा उचलला होता, मी त्याचा हात धरला. हातोड्याचा घाव शाफ्टमधून थेट थ्रस्ट बेअरिंगवर जातो. बोल्ट एंजिनाच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच आवळावा. काही गाड्यांत तो दर वेळी नवा घ्यावा लागतो. शेवटी पहिला दट्ट्या अगदी वर आणून खूण शून्यावर येते का, ते ताडावे.

दुकानात आणखी एक माल मिळतो. ॲल्युमिनियमची हलकी, चकचकीत, सलग कप्पी. 'एंजिन मोकळे होते' असे विक्रेता सांगतो, आणि वजन घटते हे खरेच. ज्या एंजिनाच्या कर्त्याने तिथे साधीच कप्पी दिली असेल, तिथे ती खुशाल चालेल. पण जिथे मुळात डँपर होता तिथे ती बसवणे, म्हणजे लँचेस्टरने टोकावर मुद्दाम ठेवलेले वजन पदरचे पैसे देऊन काढून टाकणे. शाफ्ट त्याच दिवशी मोडत नाही, म्हणून विक्रेत्यावर आळ येत नाही. मीही ती कप्पी हातात घेऊन पाहिली होती. दिसायला फार सुरेख होती. मग दुकानदाराला परत दिली आणि रबराचीच मागितली.