पार्श्वभूमीतलं गाव

प्रायोगिक चित्रपट म्हटलं की भलेभले चित्रपटवेडेही बिचकतात. गोष्ट नाही, नट नाहीत, मग बघायचं काय? शंका अगदीच खोटी नाही. पुष्कळ प्रयोग नुसत्या हौसेपोटी होतात. भूमध्य समुद्राकाठची युद्धं आणि स्थलांतरं ज्यांनी पडद्यावर आणली, त्यांच्यावर मात्र प्रयोग करण्याची पाळी आली. सांगायचं खूप होतं, दाखवायला हाताशी फारसं काही नव्हतं.

पॅलेस्टिनी दिग्दर्शक कमाल अल्जाफरींचंच पाहा. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धात जाफा शहरातले बहुतेक अरब रहिवासी परागंदा झाले, पुढे जुन्या वस्त्याही पाडल्या गेल्या. त्या गल्ल्यांचं चित्रण सापडलं ते तिथे शूटिंग झालेल्या इस्रायली आणि अमेरिकी चित्रपटांत, नटांच्या पाठीमागे. ‘रिकलेक्शन’मध्ये (२०१५) अल्जाफरींनी पुढचे नट पुसून टाकले. उरल्या भिंती, जिने, खिडक्या आणि चुकून फ्रेममध्ये आलेली गावची माणसं. एखादी अंधूक आकृती ते मोठी करून दाखवतात, तेव्हा चेहऱ्याचे ठिपके होतात, तरी आपण ओळख पटवू पाहतो. चोरीला गेलेलं परत चोरून आणावं, तसा हा उद्योग आहे, आणि मला तो या क्षेत्रातला सर्वांत धीट वाटतो.

बैरूतमध्ये जन्मलेल्या कलावंत मोना हातूम लंडनमध्ये असताना १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि त्या लंडनमध्येच अडकल्या. ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’मध्ये (१९८८) बैरूतमधल्या आईची न्हाणीघरातली छायाचित्रं दिसतात, तीही आईच्याच पत्रांतल्या अरबी ओळींच्या जाळीआडून. बुशरा खलिलींच्या ‘मॅपिंग जर्नी प्रोजेक्ट’मध्ये (२००८-११) चेहरेच नाहीत. कागदपत्रांविना निघालेल्या माणसाचा चेहरा दाखवणं धोक्याचं. नकाशावर मार्कर धरलेला हात फिरतो, आवाज प्रवास सांगतो, रेघ पुढे जाते, अडते, मागे वळते. फिलिप शेफनरांनी ‘हावरी’त (२०१६) पर्यटकाने क्रूझवरून टिपलेली साडेतीन मिनिटांची फीत ताणून दीड तासाची केली. बहुतेक वेळ समोर स्थलांतरितांच्या रबरी होडीचा ठिपका! कंटाळा येतो, तो यायलाच हवा. क्रूझवरचे लोकही असेच नुसते बघत उभे होते.

कालक्रमाने जाणारा सुरुवात करील फ्रेंच दिग्दर्शक जाँ-दानिएल पोलेंच्या ‘मेदितेराने’पासून (१९६३). नवख्याने तसं करू नये. आधी हातूम पाहा, पंधराच मिनिटं लागतात. मग अल्जाफरी. पोले पळून जात नाहीत.