बंदिवासातील विषारी सापांचे संकरण

बंदिवासातील विषारी सापांचे संकरण म्हणजे प्राणिसंग्रहालय, सर्पोद्यान किंवा खासगी संग्रहात ठेवलेल्या दोन भिन्न प्रजातींच्या अथवा उपप्रजातींच्या विषारी सापांपासून संतती मिळवणे होय. अशा संततीला संकरित साप म्हणतात. संकरण काही वेळा हेतुपुरस्सर केले जाते, तर काही वेळा भिन्न प्रजातींचे साप एकत्र ठेवल्यामुळे किंवा त्यांची ओळख चुकल्यामुळे ते नकळत घडते. खासगी संग्राहकांच्या दृष्टीने रंग व नक्षी यांतील नावीन्य हे त्याचे प्रमुख आकर्षण असते. सर्पदंशावरील उपचार आणि दुर्मीळ प्रजातींचे संवर्धन ही दोन्ही कामे सापाच्या अचूक ओळखीवर अवलंबून असतात. संकरणामुळे हीच ओळख पुसट होत असल्याने त्याच्या नैतिकतेविषयी प्रश्न उपस्थित केले जातात.

निसर्गातील संकर

सापांमधील संकर केवळ मानवनिर्मित नाही. जवळचे नाते असलेल्या दोन प्रजातींचे प्रदेश जेथे एकमेकांना भिडतात, तेथे संकरित साप आढळतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य भागात मोहावे रॅटलस्नेक आणि प्रेअरी रॅटलस्नेक यांचा असा एक अरुंद संकरपट्टा आहे. मात्र निसर्गात अधिवास, प्रजननाचा हंगाम, मादीच्या शरीरातून स्रवणारे गंधद्रव्य आणि भौगोलिक अंतर यांमुळे बहुतेक प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या राहतात. संकरित संतती टिकेल की नाही, हेही तेथे नैसर्गिक निवडीने ठरते. बंदिवासात हे अडथळे दूर होतात आणि निवड माणसाच्या हाती जाते.

बंदिवासातील पद्धती

संकर सहसा एकाच वंशातील प्रजातींमध्ये यशस्वी होतो. आफ्रिकेतील गॅबून व्हायपर व राइनो व्हायपर यांचे, तसेच रॅटलस्नेकच्या विविध प्रजातींचे संकर ज्ञात आहेत.

संकरणाची पद्धत एरवीच्या पैदाशीपेक्षा फारशी वेगळी नसते. नर व मादी वर्षभर स्वतंत्र पेटीत ठेवतात. समशीतोष्ण प्रदेशातील सापांना काही आठवडे कमी तापमानात ठेवून हिवाळ्याचा आभास निर्माण केला जातो आणि त्यानंतर जोडी एकत्र आणली जाते. बहुतेक व्हायपर व रॅटलस्नेक पिल्लांना जन्म देतात, तर नाग व नागराज अंडी घालतात. सापांची प्रत्येक हाताळणी धोक्याची असल्याने सर्प-आकडी, बाहेरून बंद करता येणारी लपण्याची पेटी आणि दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची उपस्थिती यांना महत्त्व असते.

संततीचे पितृत्व ठरवणे कठीण असते, कारण अनेक प्रजातींच्या माद्या नराचे शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवू शकतात. ईस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेकच्या एका मादीने नरापासून सुमारे पाच वर्षे वेगळी राहिल्यानंतर पिल्ले दिल्याची नोंद आहे. अमेरिकेतील कॉपरहेड व कॉटनमाउथ या सापांमध्ये नराशिवाय, म्हणजे अनिषेकजननाने, संतती झाल्याचेही आढळले आहे. त्यामुळे मादीसोबत शेवटचा नर कोणता होता, एवढ्यावरून पिल्लांचे कूळ निश्चित करता येत नाही. केवळ मायटोकाँड्रियातील डीएनए तपासल्यास आईकडची बाजू तेवढी कळते. संकर ओळखण्यासाठी पेशीकेंद्रकातील डीएनएचीही तपासणी करावी लागते.

संकरित संततीची प्रजननक्षमता सारखी नसते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, संकरित पिढीत एकाच लिंगाचे जीव अल्पजीवी किंवा वंध्य असतील, तर ते बहुधा भिन्न लिंग-गुणसूत्रे असलेल्या लिंगाचे असतात. विषारी सापांमध्ये अशी भिन्न गुणसूत्रे मादीत असतात. संतती प्रजननक्षम निघाल्यास पुढील पिढ्यांत संकराच्या बाह्य खुणा पुसल्या जातात आणि संकरित साप मूळ प्रजातीचा म्हणून खपू शकतो.

विष आणि प्रतिविष

सापाचे विष हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असून त्याची घडण अनुवांशिक असते. मोहावे रॅटलस्नेकच्या अनेक समूहांच्या विषात ‘मोहावे टॉक्सिन’ हे तीव्र चेताविष असते, तर प्रेअरी रॅटलस्नेकमध्ये ते सहसा आढळत नाही. न्यू मेक्सिकोतील संकरपट्ट्याच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चेताविषाची जनुके बहुतेक संकरित सापांत आढळली आणि जेथे जनुके होती तेथे विषातही ते द्रव्य होते. परंतु पट्ट्यापासून दूरच्या प्रेअरी रॅटलस्नेकमध्ये ते पसरलेले नव्हते. म्हणजेच संकरित साप एका पालकासारखा दिसत असला तरी त्याचे विष दुसऱ्या पालकाच्या वळणाचे असू शकते. संकरित सापाचे विष नेहमीच अधिक जहाल असते, असा मात्र याचा अर्थ होत नाही.

प्रतिविष विशिष्ट असते. आल्बेर काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागाच्या विषावर पहिले प्रतिविष तयार केले. एका प्रकारच्या सापाचे प्रतिविष दुसऱ्या प्रकारच्या सापाच्या दंशावर चालतेच असे नाही, हे त्यानंतर काही वर्षांतच ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी दाखवून दिले. भारतात तयार होणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनवले जाते. ईशान्य भारतातील मोनोकल्ड कोब्राच्या विषावर ते अपुरे पडते. एकाच प्रजातीच्या विषातही प्रदेशानुसार फरक आढळतात. आई-वडील दोघेही एकाच प्रतिविषाच्या कक्षेत येत असतील, तर संकरित सापाच्या दंशावर ते उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. अन्यथा कोणते औषध वापरावे, हे डॉक्टरांना केवळ लक्षणांवरून ठरवावे लागते. परदेशी सापांसाठी लागणारे प्रतिविष स्थानिक रुग्णालयात बहुधा नसतेच.

नैतिक प्रश्न

संकरणाचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. बंदिवासातील पैदाशीमुळे निसर्गातून साप पकडण्याचे प्रमाण घटते, निकट नात्यातील प्रजननाचे दोष संकराने कमी होऊ शकतात आणि विषाच्या अनुवांशिकतेचा अभ्यास करता येतो, असे त्यांचे म्हणणे असते. यांपैकी पहिले दोन हेतू एकाच प्रजातीतील दूरच्या नात्याच्या सापांची जोडी जुळवूनही साध्य होतात. तिसऱ्या हेतूसाठी निसर्गातील संकरपट्टे उपलब्ध असून मर्यादित व नोंदणीकृत प्रयोगही करता येतात.

विरोधकांचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे. संकरित सापाचा धोका केवळ तो पाळणाऱ्या व्यक्तीपुरता मर्यादित राहत नाही. कुटुंबीय, शेजारी, बचाव पथके आणि उपचार करणारे डॉक्टर यांनी तो स्वीकारलेला नसतो. दुसरा आक्षेप प्राणिकल्याणाचा आहे. विकृती किंवा वंध्यत्व घेऊन जन्मलेल्या पिल्लांना संवर्धनात स्थान नसते, त्यांना निसर्गात सोडता येत नाही आणि विषारी असल्याने त्यांना सुरक्षित आश्रय मिळणेही अवघड असते.

तिसरा आक्षेप संवर्धनाचा आहे. अरुबा बेटावरील अत्यंत संकटग्रस्त रॅटलस्नेकसारख्या सापांसाठी अमेरिकेतील प्राणिसंग्रहालये वंशनोंदवही ठेवून पैदास करतात. अशा छोट्या समूहात एक जरी संकरित साप शिरला, तरी पुढील सर्व पिढ्या संशयास्पद ठरतात. सापांखेरीज इतर प्राण्यांतही हा अनुभव आला आहे. पंजाबमधील छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई व आफ्रिकी सिंहांचा संकर झाला होता आणि पुढे त्या संकरित सिंहांची पैदास थांबवावी लागली.

वर्गीकरणातील बदल

पूर्वी एकाच प्रजातीत गणलेले साप नंतर वेगळे ठरल्यास जुन्या जोड्या मागाहून संकर ठरतात. पश्चिम आफ्रिकी गॅबून व्हायपरला १९९९ मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा सुचवण्यात आला. २०२४ मध्ये नागराजाचे चार प्रजातींत विभाजन सुचवले गेले असून त्यांपैकी ‘ओफिओफॅगस कालिंगा’ ही प्रजाती पश्चिम घाटात आढळते. त्यामुळे सापाच्या प्रजातीबरोबरच त्याचे मूळ ठिकाण नोंदवणे आवश्यक ठरते. ठिकाण माहीत नसलेल्या सापाचे स्थान नव्या वर्गीकरणात सहज ठरवता येत नाही.

कायदेशीर स्थिती

भारतात नाग, घोणस, नागराज यांसारख्या सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. परवानगीशिवाय त्यांना पकडणे व बाळगणे गुन्हा असल्याने त्यांची खासगी पैदास व संकरण यांना कायदेशीर वाव नाही. तमिळनाडूतील इरुला सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था शासकीय परवान्याने साप पकडते, ठरावीक काळ त्यांचे विष काढते आणि नंतर त्यांना निसर्गात सोडते. प्रतिविषासाठी लागणारे विष अशा प्रकारे संकरणाशिवाय उपलब्ध होते. ब्रिटनमध्ये धोकादायक वन्यप्राणी अधिनियम, १९७६ अन्वये विषारी साप पाळण्यासाठी परवाना लागतो. अमेरिकेत नियम राज्यानुसार बदलतात. फ्लोरिडासारख्या राज्यात परवान्यापूर्वी अनुभवाचा पुरावा द्यावा लागतो, तर काही राज्यांत निर्बंध सैल आहेत.

संकरित साप जन्मलेच, तर आई-वडिलांची नोंद कायम ठेवणे, पेटीवर ‘संकरित’ असा स्पष्ट उल्लेख करणे, त्यांची पुढील पैदास टाळणे, ते संवर्धन कार्यक्रमात न देणे आणि निसर्गात न सोडणे या बाबी किमान जबाबदारीच्या मानल्या जातात. दंश झाल्यास पेटीवरील ही नोंद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रतिविषाची निवड करण्यासाठी उपयोगी पडते.