तोतलाडोह जलाशयातील मासेमारी

नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यात पेंच नदीवर तोतलाडोह धरण झाले आणि त्याचे पाणी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांच्या राखीव जंगलात पसरले. म्हणून इथल्या मासेमारीचा प्रश्न मुळात हक्काचा आहे. मध्य प्रदेशाने पेंच राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना दिलेले ३०५ परवाने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द केले नाहीत. छायाचित्राचे ओळखपत्र, काठावर चूल न पेटवणे अशा अटी मात्र घातल्या. हा निर्णय योग्यच होता.

जाळ्यात मगरी-कासवे अडकतात, हा आक्षेप खरा आहे. पाण्यात पडद्यासारखे सोडलेले जाळे माशाला कल्ल्यांत धरते, तसे श्वासासाठी वर येऊ पाहणाऱ्या कासवालाही बुडवते. पण सरसकट बंदीने पोट थांबत नाही. मासेमारी रात्रीची, चोरटी होते आणि जाळ्याचा आस, म्हणजे छिद्रांचा आकार, तपासायला कोणी उरत नाही. बंदी घालायचीच, तर उद्यानाबाहेरचे तलाव या कुटुंबांना आधी मिळायला हवेत, आणि तेही मत्स्यबीजासह: रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे तलावात बोटुकली दरवर्षी सोडावी लागते.