शील आपलं, दंडुका सरकारचा : दारूबंदीचा इतिहास आटपाडीतून वाचताना

आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलातलं पाचवं शील आम्ही घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती आम्हाला शिरोधार्य आहे. तरीही पोलिसांच्या जोरावर चालणाऱ्या सरकारी दारूबंदीला आमचा विरोध आहे. हे ऐकलं की आटपाडी तालुक्यातले आमचेच कार्यकर्ते बुचकळ्यात पडतात. शील पाळायचं आणि बंदीला विरोध करायचा, हे जमतं कसं? उत्तर इतिहासात आहे.

दारूविरोध ही आपली जुनी परंपरा आहे. महात्मा जोतिराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७८ मध्ये, मुंबई अबकारी कायदा आला होता. दारू गाळण्याचा हक्क सरकारने आपल्या मुठीत घेतला आणि मक्तेदारांना दिला. तीच मोहाची दारू मक्तेदाराने विकली तर महसूल आणि आदिवासीने घरी गाळली तर गुन्हा, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

आता १९४९ कडे येऊ. आटपाडी महाल तोवर औंध संस्थानात होता. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्या वर्षी आटपाडी नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीत आली. त्याच १९४९ मध्ये मुंबई सरकारने दोन कामं केली. गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला आणि मुंबई दारूबंदी कायदा आणला. एका हाताने जन्माने गुन्हेगार ठरवणं थांबवलं आणि दुसऱ्या हाताने पोलिसांना वस्तीत शिरायला नवं कारण दिलं. दारू बनवणं, विकणं, बाळगणं, पिणं, सगळंच गुन्हा झालं. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ज्या पालांवर आणि वस्त्यांवर आधी हजेरी लागायची, तिथेच आता छापा पडू लागला.

वरच्या वर्गासाठी मात्र दार किलकिलं ठेवलेलं होतं. डॉक्टरचं प्रमाणपत्र आणलं की प्रकृतीच्या कारणावर परमिट मिळायचं. पैसा आणि ओळख असलेला माणूस कायद्याने 'आजारी' होता आणि तेच व्यसन असलेला महारवाड्यातला, मांगवाड्यातला मजूर कायद्याने 'आरोपी' होता. या राज्यात दारू प्यायला कागदोपत्री आजही परमिट लागतं. बारमध्ये ते कोण विचारतं आणि वस्तीत कोणाची झडती होते, हे आपण रोज पाहतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर कर बसवला. तेव्हा अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांची भूमिका अशी होती की, या प्रांतात दारूबंदीपेक्षा शिक्षणाचा प्रश्न तातडीचा आहे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या ४७ व्या अनुच्छेदातल्या दारूबंदीवर चर्चा झाली. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर यांनी तिला विरोध केला. जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या वतीने विरोध केला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि ते कधी अमलात आणायचं याचं स्वातंत्र्य राज्याला आहे, हेही बजावलं.

१९५१ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात तर त्यांनी दारूबंदी मोडीत काढण्याची मागणी केली. कारणं रोखठोक होती. बंदीमुळे गाळप घराघरातला धंदा झाला, आधी पुरुषच पीत होते, आता बायका-पोरंही पिऊ लागली आणि सरकारचा महसूलही बुडाला. त्यानंतर पाचच वर्षांत त्यांनी लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती कुठेच नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः, समाजासमोर, मान ताठ ठेवून घेतो. पोलिसाच्या भीतीने सोडलेली दारू भीती गेली की परत येते.

पुढे काय झालं? १९६० च्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूचा परवानाबद्ध व्यवसाय बसवला. ही दारू साखर कारखान्यांच्या मळीपासून बनते. म्हणजे बंदी उठली ती कारखानदारांसाठी. हातभट्टीवाली बाई गुन्हेगारच राहिली. १९८१ साली महाराष्ट्राने वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. त्याच्या मराठी नावातच 'झोपडपट्टीदादा' आणि 'हातभट्टीवाले' आहेत. मळीवाल्यांचं नाव त्यात नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती सगळी गरीब वस्तीतली होती. परवान्याची दारू कराने महाग आणि स्वस्त दारू चोरटी, या दोन्हींच्या मध्ये ती चिरडली गेली.

इथे आमच्या बहिणी विचारतील, मग आमच्या घरातल्या मारहाणीचं काय? प्रश्न खरा आहे. दुकान आपल्या वस्तीत नको म्हणायचा बाईचा हक्क आम्हाला पूर्ण मान्य आहे. २००८ च्या नियमानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं. पण बाटली आडवी व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. आमच्या माणदेशातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात आहेत, कितीतरी बाया कामासाठी बाहेर आहेत. जी गावात नाही, तिचं मत दुकानदाराच्या खात्यात जमा होतं! आमदार-खासदार झालेल्या मतांवर निवडून येतात, मग बायांनाच वेगळा हिशेब का?

हाच धडा आजच्या अमली पदार्थांना लागू आहे. २०२५ च्या सुरुवातीला विट्याजवळ कार्वे इथे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. असे कारखाने उभारणाऱ्यांना कठोर शिक्षा झालीच पाहिजे. पण १९८५ च्या कायद्यात व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सुटका देणारं ६४-अ हे कलमही आहे. ते वस्तीतल्या पोराला कोण सांगतं? बिहारने २०१६ मध्ये कडक दारूबंदी आणली, तुरुंग आणि न्यायालयं भरली आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा सापडलेल्या पिणाऱ्याला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली.

वेगळा रस्ता शोधायला लांब जायला नको. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानात मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तिथे भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. खुनाची शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहिले, शेती केली. पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून आला. खुनी माणसावर जी माती विश्वास ठेवू शकते, तिला दारुड्याला सुधारायला दंडुकाच कशाला लागतो?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पिणारा आणि किरकोळ बाळगणारा गुन्हेगारीच्या यादीतून काढा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्ती विभाग चालवा. आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतदानावर लावा. दारूच्या महसुलातला ठरावीक वाटा मागासवर्गीय वसतिगृहांना द्या. आणि दारूबंदीच्या गुन्ह्यांची जातवार आकडेवारी दरवर्षी जाहीर करा, म्हणजे हा कायदा कोणासाठी चालतो ते सगळ्यांना कळेल.

आणि सरकारकडे हे मागताना आपलं कामही आपण करू. विहारात पाचवं शील नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं. जो सुटू पाहतोय त्याला हात द्यायचा, त्याच्या घरातल्या बाईच्या पाठीशी उभं राहायचं. हे काम कुठल्याही फौजदाराला जमणारं नाही.

जय भीम!