एकविसावा हंगाम : कीव्हचा स्पार्टाक आणि सोव्हिएत महिला हँडबॉल लीग

१/ जुलै १९७६. माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचे हँडबॉल प्रथमच खेळले गेले. सहा संघ, प्रत्येकाचे पाच सामने. सोव्हिएत युनियनने पाचही सामने जिंकून सुवर्णपदक मिळवले. पूर्व जर्मनीला रौप्य आणि हंगेरीला कांस्य मिळाले. मराठी बोलण्यात त्या काळी सोव्हिएत युनियनला सर्रास 'रशिया' म्हटले जाई, त्यामुळे हे सुवर्णही रशियाच्याच खात्यावर पडले. प्रत्यक्षात त्या संघातील निम्म्याहून अधिक खेळाडू एकाच शहरातल्या एकाच क्लबच्या होत्या. शहर होते युक्रेनमधील कीव्ह आणि क्लब होता स्पार्टाक.

२/ पदकतालिकेत देशाचे नाव येते. ते पदक कोठे आणि कोणाच्या हातून घडले, हे कळण्यासाठी त्या देशाची लीग पाहावी लागते. सोव्हिएत महिला हँडबॉल लीगमध्ये १९६९ ते १९८८ या काळात वीस विजेतेपदे दिली गेली आणि ती वीसही स्पार्टाक कीव्हने जिंकली. म्हणूनच या लीगचा सर्वांत बोलका हंगाम एकविसावा, म्हणजे १९८८-८९ चा. त्या हंगामाअखेर विजेत्याच्या जागी प्रथमच दुसरे नाव लिहिले गेले.

३/ आधी थोडे खेळाविषयी. हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. गोलरक्षकासह प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन तीनच पावले टाकता येतात. गोलासमोर सहा मीटर अंतरावर एक वक्र रेषा असते आणि तिच्या आत फक्त गोलरक्षक उभा राहू शकतो. त्यामुळे हल्ला करणारी खेळाडू रेषेबाहेरून झेप घेते आणि पाय जमिनीला टेकण्यापूर्वी चेंडू फेकते. अशी संधी एकटीच्या बळावर क्वचितच मिळते. सहकारी पुढच्या क्षणी कोठे असेल, हे न पाहता ठाऊक असावे लागते.

४/ अशी जाण वर्षानुवर्षे एकत्र खेळूनच येते. इगोर तुर्चिन यांनी नेमका येथूनच आरंभ केला. १९३६ साली जन्मलेले तुर्चिन शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. कीव्हमधील शाळकरी मुलींना एकत्र करून त्यांनी संघ बांधला. घडलेल्या खेळाडू मिळवण्यापेक्षा मुलींना लहानपणापासून घडवण्यावर त्यांचा भर होता. त्यांतलीच एक झिनाइदा स्तोलितेंको, जन्म १९४६. पुढे त्या दोघांचा विवाह झाला आणि झिनाइदा तुर्चिना हे नाव जागतिक हँडबॉलमध्ये आदराने घेतले जाऊ लागले.

५/ 'स्पार्टाक' हे नाव तेव्हा एखाद्या खासगी क्लबचे नव्हते. सोव्हिएत व्यवस्थेत क्रीडासंस्था निरनिराळ्या क्षेत्रांशी जोडलेल्या असत. दिनामो अंतर्गत सुरक्षा यंत्रणेची, लोकोमोटिव्ह रेल्वेची, त्स्स्का लष्कराची. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्टाकची मुळे उत्पादक सहकारी संस्थांत होती. खेळाडू कागदोपत्री हौशी मानले जात. कोणी विद्यार्थी, कोणी कर्मचारी म्हणून नोंदलेले असे. सराव मात्र पूर्णवेळ चाले.

६/ पंधरा प्रजासत्ताकांच्या त्या देशात हँडबॉल ही कोणा एका शहराची मिरास नव्हती. साठच्या दशकात लिथुआनियातील कौनासचा झाल्गिरिस देशातील अग्रगण्य संघांपैकी एक होता. मॉस्को, बाकू, क्रास्नोदार आणि रोस्तोव्ह येथेही हा खेळ रुजत होता. अशा लीगमध्ये १९६९ साली कीव्हने पहिले विजेतेपद मिळवले. ती वीस वर्षांच्या साखळीची पहिली कडी असेल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

७/ या साखळीची लांबी मराठी वाचकाला एका तुलनेने चटकन उमगेल. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकले. पुढच्याच हंगामात करंडक कर्नाटककडे गेला, तेव्हा एक युग संपल्याची भावना क्रिकेटरसिकांत पसरली. कीव्हची साखळी त्याहून पाच वर्षांनी मोठी होती. १९६९ साली जन्मलेली मुलगी १९ वर्षांची झाली, तरी तिने दुसरा विजेता पाहिलेला नव्हता.

८/ लीगच दुबळी होती काय, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर युरोपीय चषकात मिळते. निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांमधील या स्पर्धेत १९७० ते १९८८ या १९ वर्षांत स्पार्टाक कीव्हने १३ वेळा चषक जिंकला. उरलेल्या वर्षांपैकी तीन वेळा बेलग्रेडचा रादनिच्की (१९७६, १९८०, १९८४), एकदा लाइपझिगचा संघ (१९७४) आणि एकदा बुडापेस्टचा वाशाश (१९८२) विजेता ठरला. देशात अजिंक्य असलेला हा संघ युरोपातही सर्वांत यशस्वी होता.

९/ राष्ट्रीय संघाची धुराही तुर्चिन यांच्याकडेच होती. १९७६, १९८० आणि १९८८ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत महिला संघाचे प्रशिक्षक तेच होते. याचा लाभ उघड होता. क्लबमध्ये रोज एकत्र खेळणाऱ्या मुली राष्ट्रीय पोशाखातही त्याच सवयीने खेळत. त्यांच्या जोडीला अझरबैजानची रफिगा शाबानोवा, लिथुआनियाची अल्दोना नेनेनिएने अशा इतर प्रजासत्ताकांतील खेळाडू येत. माँट्रियलचे सुवर्ण अशा संघाचे होते. १९८० मध्ये मॉस्को येथे याच पद्धतीने दुसरे सुवर्ण आले.

१०/ या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. राष्ट्रीय संघाची निवड ज्यांच्या हाती, तेच लीगमधील सर्वांत बलाढ्य क्लबचे प्रशिक्षक. क्रास्नोदार किंवा बाकूमधील एखादी गुणी खेळाडू हंगामभर ज्यांच्या संघाविरुद्ध लढे, त्यांच्याच नजरेत भरल्याशिवाय तिला ऑलिंपिकचे दार उघडत नसे. तुर्चिन यांच्या निष्ठेविषयी शंका न घेताही ही गाठ दिसते. लीगमधील स्पर्धा आणि राष्ट्रीय संघाची गरज या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती एकवटल्या होत्या.

११/ शिवाय हा संघ जागतिक पातळीवर कायम अजिंक्य होता, असेही नाही. १९७५ आणि १९७८ च्या विश्वचषकांत पूर्व जर्मनीने सुवर्ण जिंकले आणि सोव्हिएत संघाला रौप्यावर समाधान मानावे लागले. पहिले विश्वविजेतेपद आले ते थेट १९८२ मध्ये, हंगेरीत. त्यानंतर १९८६ मध्ये नेदरलँड्स येथे दुसरे. घरच्या लीगमध्ये तोवर कीव्हच्या विजेतेपदांची संख्या दीड डझनावर गेली होती.

१२/ या दोन विश्वविजेतेपदांच्या मध्ये एक रिकामी जागा आहे. ८ मे १९८४ रोजी सोव्हिएत युनियनने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार जाहीर केला. विश्वविजेता संघ घरीच राहिला. सुवर्ण युगोस्लाव्हियाने नेले, रौप्य दक्षिण कोरियाने आणि कांस्य चीनने. झिनाइदा तुर्चिना तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. खेळाडूचे वय राजकारणासाठी थांबत नाही. ऐन उमेदीतल्या अनेकींच्या वाट्याला ऑलिंपिक आलेच नाही. त्यांच्यासाठी त्या वर्षी उरली ती देशातली लीगच.

१३/ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात याच लीगमध्ये नवी शहरे वर येऊ लागली. क्रास्नोदारच्या संघाचे नाव कुबान. त्या भागातून वाहणाऱ्या नदीवरून ते पडले. रोस्तोव्हच्या संघाचे नाव रोस्तसेलमाश. हा शेतीची यंत्रे बनवणारा मोठा कारखाना. दशकाच्या अखेरीस हे दोन्ही संघ इतर युरोपीय चषक स्पर्धांतही यशस्वी होऊ लागले. कीव्हला हरवण्याचे स्वप्न पाहतच हे संघ लहानाचे मोठे झाले होते. वीस वर्षे एकच शिखर समोर असले, की चढणारे त्याच उंचीचा सराव करतात.

१४/ मग १९८८ उजाडले. लीगचे विसावे विजेतेपद आणि युरोपीय चषक दोन्ही कीव्हकडेच राहिले, पण पुढच्याच वर्षी युरोपीय चषक ऑस्ट्रियाच्या हिपो क्लबने जिंकला. व्हिएन्नाजवळच्या या क्लबचा दबदबा पुढची अनेक वर्षे टिकणार होता. १९८८ मध्येच सोल ऑलिंपिकमध्ये यजमान दक्षिण कोरियाने सुवर्ण जिंकले, नॉर्वेने रौप्य, आणि सोव्हिएत संघ तिसरा आला. त्या संघात ४२ वर्षांच्या झिनाइदा तुर्चिना होत्या. माँट्रियल आणि मॉस्कोचे सुवर्ण पाहिलेल्या लारिसा कार्लोवाही होत्या. तीन ऑलिंपिक पदके, आणि मध्ये बहिष्काराचे एक वर्ष.

१५/ या पार्श्वभूमीवर एकविसावा हंगाम आला. १९८९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद क्रास्नोदारच्या कुबानने मिळवले. वीस वर्षांची साखळी तुटली. १९९० मध्ये रोस्तसेलमाश विजेता ठरला. म्हणजे कीव्हची जागा घेणारा एकच नवा सम्राट उभा राहिला नाही. विजेतेपद एका शहराकडून दुसऱ्या शहराकडे जाऊ लागले. वीस वर्षांत प्रथमच हंगामाच्या आरंभी अखेरच्या विजेत्याचे नाव कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

१६/ या घटनेचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा, की एक महान संघ थकला आणि त्याबरोबर सोव्हिएत हँडबॉलची सद्दी संपली. दुसरा असा, की लीग अखेर वयात आली. यांतला कोणता अर्थ खरा, याची परीक्षा लवकरच झाली. १९९० चा विश्वचषक दक्षिण कोरियात, म्हणजे नुकत्याच ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या देशात भरला. तेथे सोव्हिएत संघच पुन्हा विश्वविजेता ठरला. राष्ट्रीय लीगचा विजेता कीव्हबाहेरचा असताना मिळालेले हे पहिले विश्वविजेतेपद.

१७/ म्हणून 'वीस वर्षे एकतर्फी लीग' हे वर्णन अपुरे ठरते. विजेत्याचे नाव बदलत नव्हते, तरी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावरील संघांची ताकद वाढत होती. यादीत फक्त पहिले नाव वाचणाऱ्याला ही वाढ दिसत नाही. जी बळकटी १९९० मध्ये जगाने पाहिली, ती कीव्हविरुद्ध हरलेल्या असंख्य सामन्यांत साठत गेली होती. पराभूतांचा इतिहास करंडकावर कोरला जात नाही. तो पुढच्या पिढीच्या खेळात उतरतो.

१८/ दुर्दैव असे, की लीग रंगात येत असतानाच तिचा देश उरला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनचे विघटन झाले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पूर्वीच्या प्रजासत्ताकांचा 'एकीकृत संघ' उतरला आणि त्याने हँडबॉलमध्ये कांस्य मिळवले. त्यानंतर रशियाची लीग वेगळी, युक्रेनची वेगळी, लिथुआनियाची वेगळी. कीव्ह विरुद्ध क्रास्नोदार हा कालपर्यंतचा लीग सामना आता दोन देशांमधला झाला.

१९/ पगार आणि सोयी शोधत अनेक खेळाडू पश्चिमेकडे गेल्या. लिथुआनियात जन्मलेल्या आउश्रा फ्रिद्रिकास ऑस्ट्रियाच्या हिपोकडून खेळल्या, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघात आल्या आणि १९९९ मध्ये जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रियाने विश्वचषकात कांस्य जिंकले. म्हणजे ज्या लीगचे नाव नकाशावरून पुसले गेले, तिची विद्या दुसऱ्या देशांच्या पदकांत जिवंत राहिली.

२०/ इगोर तुर्चिन यांनी अखेरपर्यंत कीव्ह सोडले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये संघासोबत रोमानियात असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शाळकरी मुलींपासून आरंभलेला प्रवास मैदानाच्या सोबतीतच संपला. पुढे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र युक्रेनच्या महिला संघाने हँडबॉलचे कांस्यपदक जिंकले. माँट्रियलनंतर २८ वर्षांनी या खेळातले ऑलिंपिक पदक प्रथमच युक्रेनच्या स्वतःच्या नावाने नोंदले गेले.

२१/ १९७६ चे सुवर्ण आजही अधिकृत नोंदींत सोव्हिएत युनियनच्याच नावे आहे आणि ते योग्यच आहे. त्या मुली त्याच ध्वजाखाली खेळल्या. पण 'सोव्हिएत' हा शब्द घाईने 'रशियन' असा वाचला, की कीव्हची ती शाळकरी मुले, कौनासचा आणि बाकूचा वाटा सारेच दिसेनासे होते. लीगची जुनी यादी तो वाटा परत दाखवते. वीस ओळींत एकच नाव, आणि एकविसाव्या ओळीत दुसरे. पहिल्या वीस ओळींतून एका शहराची चिकाटी कळते. एकविसाव्या ओळीतून, इतकी वर्षे हरूनही खेळत राहिलेल्या बाकीच्या शहरांची.