फादर आणि पास्टर एकच नव्हेत! कॅथलिक धर्मगुरूचं शिक्षण, बदली, पगार आणि निवृत्ती

यावल : आपल्या भागात चर्चमध्ये प्रार्थना घेणाऱ्या कुणालाही लोक सरसकट 'फादर' म्हणतात. खान्देशात जुनी मिशनं बहुतेक प्रोटेस्टंट पंथाची. त्यांचे धर्मगुरू म्हणजे पास्टर, आणि त्यांना बायको-मुलं असतात. फादर हे कॅथलिक पंथाचे. ते लग्न करत नाहीत. हा फरक माहीत नसल्याने दाखल्यासाठी लोक भलत्याच चर्चला हेलपाटे घालतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे कॅथलिक व्यवस्थेत नाशिक धर्मप्रांतात येतात. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक वेगळा झाला. थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप. धर्मप्रांताचा प्रमुख बिशप. त्याच्या हाताखाली अनेक पॅरिश, आणि एका पॅरिशचा कारभार पाहतो तो पॅरिश प्रीस्ट, म्हणजे मुख्य धर्मगुरू. एका पॅरिशमध्ये कित्येक गावं असू शकतात.

फादर होणं वर्ष-दोन वर्षांचं काम नाही. सेमिनरीत किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं धर्मशास्त्र शिकावं लागतं. त्याआधीची तयारी वेगळी. मुंबई भागातले उमेदवार गोरेगावच्या सेमिनरीत शिकतात. वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सहसा दीक्षा मिळत नाही. मधेच कुणाला वाटलं की हे आपल्याला झेपणार नाही, तर तो घरी परत जाऊ शकतो. तसे बरेच जातातही.

दीक्षेनंतर बिशप पाठवतील तिथे जायचं. काही वर्षांनी बदली ठरलेलीच. तलाठी-ग्रामसेवकांच्या बदल्या आपण पाहतो, पण इथे सोबत कुटुंब नसतं. रोजची मिस्सा, बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याच्या घरी जाणं, अंत्यविधी, शाळा असेल तर तिचीही जबाबदारी. पापनिवेदनात कानावर आलेली गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगायची नाही, हा नियम तर फार कडक. ७५ वर्षं पूर्ण झाली की राजीनामा बिशपांकडे द्यायचा. तो कधी मंजूर करायचा ते बिशप ठरवतात.

पैशांचं काय? धर्मप्रांताच्या फादरला मानधन मिळतं आणि तो स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शकतो. जेझुइटांसारख्या संघातल्या फादरने मात्र निर्धनतेचं व्रत घेतलेलं असतं, पगार संघाकडे जमा होतो. असे फादर आणि सिस्टर अनुदानित शाळेत शिकवतात तेव्हा पगारातून टीडीएस कापायचा की नाही, यावर बरीच वर्षं वाद चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तो कुणालाही द्या, टीडीएस कापला जाणार.

मराठी माणसाला सगळ्यात ओळखीचे फादर म्हणजे वसईचे फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म १९४२, नंदाखालचा. १९७२ मध्ये दीक्षा. १९८३ ते २००७ ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने बिल्डरांकडे जाऊ लागलं, बागायत सुकू लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढे राहिले. यावल-रावेरच्या केळीवाल्यांना पाण्याचं हे दुखणं समजावून सांगायला नको. माफियांच्या विरोधात उभं राहणं धर्मगुरूचं काम आहे का, असंही तेव्हा विचारलं गेलं. त्यांनी मागे घेतलं नाही. 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला, धमकीचे फोनही आले. आजारपणातही ते संमेलनाला गेले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

दाखल्याचं काम असेल तर एवढं लक्षात ठेवा : फादर बदलतात, रजिस्टर तिथेच राहतं. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी पॅरिशमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. बाप्तिस्म्याचा दाखला सध्या राहता त्या गावच्या नव्हे, तर जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्ये मागायचा. पुढे लग्न दुसऱ्या गावी झालं तरी त्याची नोंद याच पानावर करायची असते, त्यामुळे जुनी तारीख किंवा नाव जुळत नसेल तर आधी तेच पान तपासून घ्यावं.