खारबांध, शिलोत्री आणि तिवराचे रान

आगरी हे आपल्या ज्ञातीचे नाव 'आगर' या शब्दावरून पडले, असे जाणकार मानतात. आगर म्हणजे मिठागर. मीठ पिकविणे, खाडीला बांध घालून भात लावणे आणि खाडीत मासे धरणे ही आपल्या वाडवडिलांची तीन कामे. त्यांतील दुसऱ्या कामाचा इतिहास नव्या पिढीस फारसा ठाऊक नाही. नोकरीनिमित्त शहरात वाढलेली आपली मुले सुट्टीत गावी येतात आणि तिवराचे झाड पाहून "हे काय?" असे विचारतात, तेव्हा प्रस्तुत लेखकासारख्या निवृत्त मास्तरास लेखणी उचलणे भाग पडते.

भरतीबरोबर खाडीच्या काठी गाळ येऊन साचतो. वर्षानुवर्षे साचून तो इतका उंच होतो की रोजची भरती त्यावर चढत नाही, उधाणाचे पाणीच काय ते पोहोचते. अशी जागा हेरून पूर्वज तिला चिखलमातीचा बांध घालीत. खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठा आणि आतला लहान तो आंतरकाठा. बाहेरकाठ्याला उघाडी ठेवीत, म्हणजे लाकडी झडपेचे दार. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटे आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तीच झडप लोटून बाहेर जाई. शाळेत पाण्याच्या दाबाचा धडा मी उघाडीपासूनच सुरू करीत असे आणि तो मुलांना कधी जड गेला नाही. पहिली काही वर्षे पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघे, मग खारे सोसणारे तांबडे जाड भात पेरीत.

बांध घालणे एकवेळ सोपे, राखणे कठीण. खेकड्याने पाडलेले एक बीळ उधाणात सबंध बांध नेऊ शकते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत आणि बाहेरकाठ्याच्या डागडुजीसाठी शेतकरी बिघ्यामागे ठराविक भात देत. आमच्या गावी त्याखेरीज घरटी एक माणूस बांधावर जाई. खांड पडल्याची हाक आली की रात्र असो, पाऊस असो, पुरुषमंडळी टोपल्या व फावडी घेऊन धावत. मी स्वतः आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांपुढे कंदील धरून उभा राहिलो आहे.

पुढे खोतांच्या जाचाला कंटाळून अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालविला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते, व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पाठबळ त्याला होते. त्याविषयी आपल्या ज्ञातीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. १९४८ साली कूळकायदा व मुंबई खारजमीन कायदा असे दोन्ही आले आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक ठरला. हे न्याय्यच झाले. परंतु आमच्या गावी असे घडले की जमीन ज्याची त्याची झाली आणि बांध कोणाचाच राहिला नाही. पुढील पिढी कारखान्यांत गेली आणि घरटी एक माणूस मिळेनासा झाला.

१९९४ च्या श्रावणात आमच्या खारीला खांड पडली. गावातर्फे अर्ज मीच लिहिले. ही योजना खाजगी आहे, सबब दुरुस्ती करता येत नाही, असे उत्तर संबंधित कचेरीकडून सुमारे दोन वर्षांनी आले. तोवर खांडीची खाडी झाली होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भाताच्या जागी तिवर उगवले. ते कोणी लावले नव्हते.

ते का उगवले याचे उत्तर मला निवृत्तीनंतर वाचनात मिळाले. फ्लोरिडाचे रॉबिन लुईस या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर खाडीतील रान पुन्हा उभे करण्याचा अभ्यास केला. त्यांचे सांगणे असे, की रोपे लावण्याआधी भरती-ओहोटीची वाट मोकळी करावी. पाणी योग्य उंचीवर, योग्य वेळ राहू लागले आणि जवळपास बी असले, की रान आपणहून येते. उलट फार खोल चिखलात हजारो रोपे खोचली तर ती बुडून मरतात. आमच्या फुटक्या बांधाने नकळत हाच प्रयोग केला होता. तिवराच्या पानातून मीठ बाहेर पडते, जिभेला लावून पाहावे. प्राणवायू नसलेल्या चिखलात त्याची श्वासमुळे खिळ्यांप्रमाणे वर येतात. त्यांत गाळ अडकतो, कोळंबीची पिले व निवट्या आसरा घेतात आणि लाटेचा जोर मोडतो. आजोबा बांधाच्या खाडीकडील अंगाची तिवरे तोडू देत नसत. चुलीला लाकूड हवे असले तरी नाही. याचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही.

मुंबईने मात्र हे रान निष्काळजीपणे भरून काढले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याला जागा उरली नव्हती हे सर्वांस दिसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ साली ठाणे खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत गेली. राज्यातील कांदळवन २०१३ च्या वन अहवालात १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ च्या अहवालात ३२४ झाले.

या वाढीत आमच्यासारख्यांच्या बुडालेल्या खारीही आहेत. सातबारावर शेतकऱ्याचे नाव आहे, पण तिवर आले म्हणून बांध पुन्हा घालता येत नाही. न्यायालयाची मनाई योग्यच आहे असे मी मानतो. ती नसती तर या जमिनी भातासाठी नव्हे, भरावासाठी गेल्या असत्या. पण ज्याची जमीन गेली त्यास काय मिळाले? २०१७ साली शासनाने कांदळवनालगतच्या गावांसाठी खेकडे, कालवे आदींच्या संवर्धनाची योजना काढली आहे आणि वेंगुर्ल्यास महिलांचा बचतगट होडीतून कांदळवन दाखवून चार पैसे मिळवितो. हे चांगले आहे, पुरेसे नाही. जे बांध उभे आहेत ते शासनाने खाजगी-सरकारी न पाहता राखावेत. जेथे रान स्थिरावले तेथे ते राहू द्यावे व खातेदारास त्याचा रीतसर मोबदला द्यावा. या बाबतीत आपल्या मंडळाने गावोगावच्या फुटलेल्या खारींची यादी करावी, अशी माझी सूचना आहे. अर्ज लिहिण्याचे काम मी आजही करीन.

गेल्या दिवाळीत पुतण्याबरोबर होडीने आमच्या शेतावर गेलो. आंतरकाठ्याचा एक तुकडा अजून दिसतो. त्यापलीकडे माणसापेक्षा दुप्पट उंच तिवर आहे. पुतण्याने तेथे फग लावला होता, त्यात तीन चिंबोऱ्या सापडल्या. सातबारावर मात्र अजून 'भात' असेच लिहिले आहे.